सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन

सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन (संक्षेपाने एसईओ, मराठी पर्याय शोधयंत्र अनुकूलन) म्हणजे एखादे संकेतस्थळ किंवा त्यावरील एखादे पान शोधयंत्राच्या निकालांत वरच्या स्थानी दिसावे, या हेतूने त्याच्या मजकुरात, मांडणीत, तांत्रिक रचनेत आणि त्याच्याकडे येणाऱ्या दुव्यांत केलेली सुधारणा होय. निकालांच्या यादीत पैसे देऊन मिळवलेली जाहिरातीची जागा या संज्ञेत मोडत नाही. गूगल, बिंग, यांडेक्स, बायडू अशा सर्वच शोधयंत्रांना ही संज्ञा लागू पडते. तथापि भारतात बहुतेक शोध गूगलवरून होत असल्यामुळे येथे प्रामुख्याने त्याच शोधयंत्राचा विचार केला आहे.

निकालांची यादी कितीही लांब असली तरी बहुतेक वाचक पहिल्या काही दुव्यांपलीकडे जात नाहीत. त्यामुळे कोणत्या दुकानात गिऱ्हाईक जाईल, आजाराविषयी कोणाचे म्हणणे वाचले जाईल आणि विद्यार्थी कोणती माहिती वहीत उतरवून घेईल, हे बऱ्याच अंशी या क्रमावर ठरते. क्रम लावणारे यंत्र आणि त्या क्रमात वर चढू पाहणारी माणसे यांच्यातील ओढाताण तीस वर्षे चालू आहे. या विषयाचा इतिहास मुख्यतः त्या ओढाताणीचा इतिहास आहे.

शोधयंत्राचे काम

शोधचौकटीत शब्द लिहिल्यावर शोधयंत्र त्या क्षणी सारे महाजाल धुंडाळत नाही. ते आधीच तयार करून ठेवलेल्या आपल्या सूचीत पाहते. या सूचीसाठी 'क्रॉलर' नावाची आज्ञावली एका पानावरील दुव्यावरून दुसऱ्या पानावर, तेथून तिसऱ्यावर अशी अखंड फिरत असते आणि वाटेत भेटलेल्या पानांचा मजकूर गोळा करते. गूगलच्या क्रॉलरला गूगलबॉट म्हणतात. ज्या पानाकडे कोठूनही दुवा जात नाही, ते पान क्रॉलरला सहसा सापडत नाही. रानात घर बांधले, पण तेथवर पायवाटच नाही, अशी त्या पानाची स्थिती असते. यावर उपाय म्हणून संकेतस्थळाचा चालक आपल्या सर्व पानांची यादी एका फाइलमध्ये देऊ शकतो. 'साइटमॅप' नावाची ही पद्धत गूगलने २००५ मध्ये आणली आणि पुढच्याच वर्षी याहू व मायक्रोसॉफ्ट यांनीही ती स्वीकारली.

काही पाने क्रॉलरपासून दूर ठेवायची असतील तर 'रोबोट्स डॉट टीएक्सटी' नावाच्या साध्या फाइलमध्ये तशी सूचना लिहितात. मार्टाइन कोस्टर यांनी हा संकेत १९९४ मध्ये सुचवला. त्याला औपचारिक मानकाचे रूप २०२२ मध्ये मिळाले; तोवर तो केवळ परस्परविश्वासावर चालत होता. ही सूचना म्हणजे दारावरची पाटी आहे, कुलूप नव्हे. सभ्य क्रॉलर ती पाळतात, इतरांना ती अडवू शकत नाही. गोपनीय कागदपत्रे केवळ या फाइलच्या भरवशावर महाजालावर ठेवणे म्हणूनच धोक्याचे आहे.

गोळा झालेल्या मजकुराची पुढे सूची बनते. ग्रंथाच्या शेवटी शब्दसूची असते आणि तीत प्रत्येक शब्दापुढे पृष्ठांक दिलेले असतात, त्याच तत्त्वावर शोधयंत्राची सूची चालते. मात्र तिच्यात पृष्ठांकांच्या जागी कोट्यवधी पानांचे पत्ते असतात. शेवटचा आणि सर्वांत वादग्रस्त टप्पा म्हणजे क्रम लावणे. एखादा शब्द लाखो पानांवर आढळला, तर त्यांतील पहिली दहा पाने कोणती? या एका प्रश्नाभोवती पुढचे सारे फिरते.

इतिहास

महाजालपूर्व काळातील 'आर्ची' हे पहिले शोधयंत्र मानले जाते. मॉन्ट्रियल येथील मॅकगिल विद्यापीठात ॲलन एमटेज यांनी ते १९९० मध्ये तयार केले. त्यात फक्त फाइलींची नावे शोधता येत. १९९४ मध्ये जेरी यांग आणि डेव्हिड फिलो यांनी सुरू केलेले याहू प्रारंभी शोधयंत्र नव्हतेच. माणसांनी विषयवार लावलेली ती संकेतस्थळांची सूची होती. डिसेंबर १९९५ मध्ये आलेल्या अल्टाव्हिस्टाने मात्र पानांवरील संपूर्ण मजकूर शोधण्याची सोय मोठ्या प्रमाणावर उपलब्ध करून दिली.

या पिढीतील शोधयंत्रे पानाची पारख मुख्यतः त्या पानावरच्या शब्दांवरून करीत. शोधलेला शब्द शीर्षकात आहे का, किती वेळा आला आहे, आणि पानाच्या चालकाने छुप्या 'कीवर्ड' खुणेत तो लिहिला आहे का, एवढे पाहून क्रम ठरे. परीक्षार्थ्यानेच स्वतःची उत्तरपत्रिका तपासावी, असा हा प्रकार होता आणि त्याचा परिणामही तसाच झाला. एकच शब्द शेकडो वेळा लिहिणे, पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत शब्दांचे ढीग दडवणे, पानाशी संबंध नसलेली लोकप्रिय नावे कीवर्डांत घुसडणे हे उद्योग सर्रास सुरू झाले. क्रम लावताना कीवर्डची खूण आपण विचारातच घेत नाही, असे गूगलने सप्टेंबर २००९ मध्ये उघडपणे सांगितले. तरीही ती खूण काळजीपूर्वक भरण्याचा परिपाठ अनेक ठिकाणी आजही टिकून आहे.

*दुव्यांचे गणित.* पानाची किंमत त्या पानाला न विचारता इतर पानांना विचारावी, ही कल्पना या अडचणीतून पुढे आली. विद्वत्तेच्या क्षेत्रात तिला आधार होता. यूजीन गारफील्ड यांनी १९६४ मध्ये प्रकाशित केलेल्या विज्ञानविषयक संदर्भसूचीत कोणत्या शोधनिबंधाचा उल्लेख इतर किती निबंधांत झाला याची नोंद असे, आणि त्यावरून त्या निबंधाच्या प्रभावाचा अंदाज बांधता येई. महाजालावरील दुवा हा अशाच उल्लेखासारखा मानता येतो. रॉबिन ली यांनी १९९६ मध्ये 'रँकडेक्स' या शोधयंत्रात दुव्यांवर आधारलेली क्रमवारी वापरली. पुढे त्यांनीच बायडूची स्थापना केली. त्याच वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठात लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी 'बॅकरब' नावाच्या प्रकल्पावर काम सुरू केले. त्याचेच पुढे गूगल झाले. त्यांची पद्धत 'पेजरँक' या नावाने ओळखली जाते. तिचे एकस्व स्टॅनफर्ड विद्यापीठाकडे होते.

पेजरँकमध्ये प्रत्येक दुवा हे एक मत असते, पण सर्व मतांचे वजन सारखे नसते. ज्या पानाला स्वतःला मोठे वजन आहे त्याच्या मतालाही मोठे वजन असते. शिवाय ते वजन त्या पानावरून बाहेर जाणाऱ्या सर्व दुव्यांत सारखे वाटले जाते. समजा एका पानाचे वजन ०.६ आहे आणि त्यावर तीन दुवे आहेत, तर प्रत्येक दुव्यावाटे ०.२ पुढे जाते. तेवढेच वजन असलेल्या पानावर साठ दुवे असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला ०.०१ येते. जो सर्वांनाच शिफारसपत्र देतो त्याच्या शिफारशीला कोणी फारशी किंमत देत नाही, हा व्यवहार येथे गणिताने मांडला आहे. या गणितामागे एका कल्पित वाचकाचे चित्र आहे. तो दुव्यांवरून निरुद्देश भटकत असतो आणि मधूनच कंटाळून कोणत्याही भलत्याच पानावर उडी घेतो. मूळ निबंधात दुव्यावरून पुढे जाण्याची शक्यता साधारणपणे ०.८५ आणि उडी घेण्याची ०.१५ धरली आहे. अनंत काळ भटकल्यावर तो वाचक ज्या पानावर जितका वेळ सापडेल, तितके त्या पानाचे वजन.

हा निबंध १९९८ मध्ये ब्रिस्बेन येथील परिषदेत सादर झाला. जाहिरातींच्या उत्पन्नावर चालणारी शोधयंत्रे स्वभावतःच जाहिरातदारांकडे झुकतील, अशी शंका लेखकद्वयाने त्याच्या पुरवणीत व्यक्त केली होती. त्याच वर्षी स्थापन झालेल्या त्यांच्या कंपनीचे मुख्य उत्पन्न पुढे जाहिरातींतूनच येऊ लागले, हा योगायोग मोठा बोलका आहे.

दुवा हे मत ठरताच मते विकत मिळू लागली. परस्परांना दुवे देणाऱ्या शेकडो पोकळ संकेतस्थळांची जाळी उभी राहिली. गूगलने २००० पासून पेजरँकचा शून्य ते दहा असा ठोकळ आकडा सर्वांना पाहण्यासाठी खुला केल्यावर तर दुव्यांचा बाजारभावच ठरू लागला. हा आकडा २०१६ मध्ये लोकांच्या दृष्टीआड करण्यात आला. एखादे मोजमाप लक्ष्य बनले की ते चांगले मोजमाप उरत नाही, या आशयाचे तत्त्व अर्थशास्त्रात चार्ल्स गुडहार्ट यांच्या नावाने ओळखले जाते. त्याचे याहून ठळक उदाहरण सापडणे कठीण आहे.

प्रचलित पद्धती

आज गूगल क्रम लावताना शेकडो घटक विचारात घेते आणि त्यांचे नेमके वजन गुप्त ठेवते. तरीही काही गोष्टी कंपनीच्या स्वतःच्या मार्गदर्शिकांतून स्पष्ट आहेत.

पानाचे शीर्षक ही त्यांतली सर्वांत साधी आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट होय. निकालांच्या यादीत वाचकाला प्रथम शीर्षकच दिसते. असे असूनही असंख्य संस्थांच्या संकेतस्थळांवर प्रत्येक पानाचे शीर्षक 'मुख्यपृष्ठ' किंवा केवळ संस्थेचे नाव असते. प्रवेशअर्ज, शुल्क आणि सुट्ट्यांची यादी या तीन पानांना एकच शीर्षक असेल, तर यंत्राला आणि माणसाला त्यांतला भेद कळावा कसा? शीर्षकानंतर येतात उपशीर्षके, सुबोध पत्ता, आणि चित्रांसोबत दिलेले शब्दरूप वर्णन. हे वर्णन अंध वाचकांच्या वाचक-आज्ञावलीलाही लागते, त्यामुळे ते केवळ क्रमवारीसाठी लिहिणे गैर आहे.

मजकुराच्या बाबतीत शब्दांच्या संख्येपेक्षा शोधणाऱ्याचा हेतू महत्त्वाचा ठरतो. 'पुरणपोळी' असे लिहिणाऱ्याला बहुधा कृती हवी असते, शब्दाची व्युत्पत्ती नव्हे. 'पुणे ते कोल्हापूर' लिहिणाऱ्याला अंतर, गाडी किंवा बस हवी असते. जे पान हा हेतू पुरा करते ते टिकते. अमेरिकन सरकारने गूगलविरुद्ध चालवलेल्या खटल्यात कंपनीचे अधिकारी पांडू नायक यांची २०२३ मध्ये साक्ष झाली. वाचक कोणत्या निकालावर टिचकी मारतात याची नोंदही क्रम लावताना वापरली जाते, हे त्या साक्षीतून उघड झाले.

आरोग्य, पैसा, सुरक्षितता अशा विषयांत लेखकाचा अनुभव, जाणकारी, अधिकार आणि विश्वासार्हता या चार कसोट्यांचा उल्लेख गूगलच्या परीक्षकांसाठीच्या मार्गदर्शिकेत आहे. त्यांपैकी 'अनुभव' ही कसोटी डिसेंबर २०२२ मध्ये जोडली गेली. हे परीक्षक एखाद्या पानाचा क्रम स्वतः बदलत नाहीत. त्यांच्या मतांवरून यंत्राचे निकाल बरे की वाईट एवढे तपासले जाते.

तांत्रिक बाजू त्यामानाने सरळ आहे. सुरक्षित जोडणीला ऑगस्ट २०१४ पासून थोडे प्राधान्य मिळते. एप्रिल २०१५ पासून मोबाइलवर नीट दिसणाऱ्या पानांना मोबाइलवरील शोधात प्राधान्य मिळू लागले आणि पुढे गूगलने सूचीसाठी पानाची मोबाइल आवृत्तीच प्रमाण मानली. पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा, असा त्याचा निकष आहे. जून २०११ मध्ये गूगल, बिंग आणि याहू यांनी मिळून 'स्कीमा डॉट ऑर्ग' ही खुणांची पद्धत सुरू केली. तिच्या साहाय्याने 'ही पाककृती आहे', 'ही परीक्षेची तारीख आहे' असे यंत्राला निःसंदिग्धपणे सांगता येते.

पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असे गूगल आपल्या मार्गदर्शनात स्पष्ट सांगते. अशी हमी देऊन लहान व्यावसायिकांकडून वार्षिक रक्कम घेणाऱ्यांची मात्र कमतरता नाही.

गैरमार्ग आणि त्यांवरील कारवाई

नियमांत राहून केलेल्या प्रयत्नांना या व्यवसायात 'व्हाइट हॅट' आणि नियम डावलून केलेल्यांना 'ब्लॅक हॅट' म्हणतात. जुन्या अमेरिकन चित्रपटांत नायकाची टोपी पांढरी आणि खलनायकाची काळी असे, त्यावरून ही नावे पडली. प्रत्यक्षात दोहोंच्या मधला करडा पट्टाच सर्वांत रुंद आहे.

फेब्रुवारी २००६ मध्ये बीएमडब्ल्यू या मोटार कंपनीचे जर्मन संकेतस्थळ गूगलने काही काळ सूचीतून काढून टाकले. क्रॉलरला शब्दांनी ठासून भरलेले एक पान आणि माणसाला वेगळेच पान दाखवल्याचा आक्षेप त्यावर होता. फेब्रुवारी २०११ मध्ये 'द न्यू यॉर्क टाइम्स'ने अमेरिकेतील जेसी पेनी या दुकानसाखळीचे प्रकरण उघडकीस आणले. कपड्यांपासून गालिच्यांपर्यंत असंख्य वस्तूंच्या शोधात हे संकेतस्थळ अग्रभागी येत होते, कारण विषयाशी काडीचाही संबंध नसलेल्या हजारो पानांवर त्याचे दुवे पेरले होते. आपल्याला याची कल्पना नव्हती, असे कंपनीने सांगितले. गूगलने कारवाई केल्यावर तिची पाने निकालांत एकदम खाली गेली.

दुवे पेरण्यामागे दरवेळी पैसाच असतो असे नाही. २००३ मध्ये अनेकांनी ठरवून 'दयनीय अपयश' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांना अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या अधिकृत चरित्रपानाचा दुवा जोडला, आणि ते शब्द शोधणाऱ्याला तेच पान पहिले दिसू लागले. अशा प्रकाराला 'गूगल बॉम्ब' हे नाव मिळाले. गूगलने जानेवारी २००७ मध्ये गणितात बदल करून तो निष्प्रभ केला.

गणितातील मोठ्या बदलांना नावे देण्याची प्रथा पडली आहे. नोव्हेंबर २००३ चा 'फ्लोरिडा' हा त्यांतला पहिला गाजलेला बदल. नाताळच्या खरेदीच्या ऐन तोंडावर आल्याने त्याने अनेक लहान दुकानदारांचे नुकसान केले, आणि त्यांतले सगळेच काही लबाड नव्हते. फेब्रुवारी २०११ च्या 'पांडा' बदलाचा रोख पाट्या टाकल्यासारखा उथळ मजकूर छापणाऱ्या संकेतस्थळांवर होता. एप्रिल २०१२ च्या 'पेंग्विन'चा रोख विकतच्या दुव्यांवर होता. मार्च २०२४ मध्ये यंत्राच्या किंवा माणसांच्या मदतीने घाऊक प्रमाणात तयार केलेला निरुपयोगी मजकूर, मुदत संपलेली प्रतिष्ठित नावे विकत घेऊन त्यांच्या पुण्याईवर चालवलेली पाने, आणि नामवंत संकेतस्थळाच्या छत्राखाली घुसवलेला परका मजकूर या तीन गोष्टींविरुद्ध नवे नियम जाहीर झाले.

स्वयंसेवकांनी चालवलेल्या ज्ञानकोशांनाही या प्रकारांचा उपद्रव होतो. ज्ञानकोशाचे वजन मोठे असल्याने त्यातून आपल्याकडे दुवा यावा, अशी धडपड अनेकजण करतात. जानेवारी २००५ मध्ये गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्टच्या शोधयंत्रांनी 'नोफॉलो' ही खूण मान्य केली. ती लावलेल्या दुव्याने मताचे काम करू नये, असा तिचा उद्देश होता. विकिपीडियावरील बाह्य दुव्यांना ही खूण लावलेली असते. तरीही लेखांत दुकानांचे आणि शिकवणीवर्गांचे दुवे चिकटवणे थांबलेले नाही, आणि ते काढण्यात संपादकांचा बराच वेळ खर्ची पडतो.

कायदा आणि यंत्रांची उत्तरे

क्रम लावणाराच स्वतःही व्यवसायात असेल तर काय, हा प्रश्न अनेक देशांतील नियामकांपुढे आला. जून २०१७ मध्ये युरोपीय आयोगाने स्वतःच्या खरेदी-तुलना सेवेला झुकते माप दिल्याबद्दल गूगलला २.४२ अब्ज युरोंचा दंड केला. फेब्रुवारी २०१८ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने निकालांतील पक्षपाताबद्दल १३५.८६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेतील न्यायाधीश अमित मेहता यांनी गूगलने शोधक्षेत्रातील मक्तेदारी बेकायदा मार्गांनी टिकवली, असा निर्णय दिला.

मे २०२४ पासून अमेरिकेत आणि ऑगस्ट २०२४ पासून भारतात गूगल काही प्रश्नांना दुव्यांच्या आधी यंत्रनिर्मित सारांश दाखवू लागले. हा सारांश इतरांच्या पानांवरून बेतलेला असतो; पण तो वाचून समाधान झाल्यास वाचक मूळ पानावर जात नाही. पहिल्या क्रमांकावर असूनही वाचक न मिळण्याची ही नवी परिस्थिती आहे.

मराठी संकेतस्थळे

मराठीत शोधयंत्र अनुकूलनाचा पहिला धडा क्रमवारीचा नव्हता, दिसण्याचा होता. युनिकोड या आंतरराष्ट्रीय संकेतप्रणालीत देवनागरीचा समावेश १९९१ पासून असला, तरी सर्वसामान्य संगणकांवर तिचा वापर रुळायला बरीच वर्षे गेली. दरम्यान मराठी वृत्तपत्रांची आणि संस्थांची अनेक संकेतस्थळे आपापल्या खास टंकांत निघत असत. अशा टंकांत पडद्यावर 'पाऊस' दिसला, तरी आत साठवलेली असतात ती रोमन अक्षरे आणि चिन्हे. टंक त्यांच्यावर फक्त देवनागरीचे रूप चढवतो. वाचकाला मराठी दिसे, क्रॉलरला निरर्थक अक्षरांची रांग. त्या वर्षांतला जो मजकूर पुढे युनिकोडमध्ये रूपांतरित झाला नाही, तो आजही कोणत्याही मराठी शब्दाने सापडत नाही. मजकूर आहे, पण सूचीत त्याची मराठी म्हणून नोंदच नाही. चित्ररूपात स्कॅन करून ठेवलेल्या परिपत्रकांची आणि जुन्या मासिकांची स्थितीही, त्यांवर अक्षरओळखीची प्रक्रिया झालेली नसेल तर, अशीच असते.

युनिकोड आल्यावर प्रश्न सूक्ष्म झाले. 'दुसऱ्या' या शब्दातील अर्धा र दोन प्रकारे साठवता येतो: ऱ या स्वतंत्र अक्षराला हलन्त जोडून, किंवा साध्या र ला हलन्त आणि एक अदृश्य सांधणारे चिन्ह जोडून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला ते वेगळे शब्द वाटू शकतात. तीच गोष्ट 'ॲप' या शब्दाची. ॲ हे एकसंध अक्षर युनिकोडच्या २००८ च्या आवृत्तीत आले. तोपर्यंत 'अ'वर चंद्र देऊन ते साधले जाई आणि अनेक कळफलक अजूनही तसेच करतात. मोठी शोधयंत्रे असे काही भेद आपोआप जुळवून घेतात. मात्र लहान संकेतस्थळांच्या स्वतःच्या शोधसोयीत ते जुळतीलच अशी खात्री नसते. एकाच संकेतस्थळावर सर्वांनी एकच लेखनपद्धती वापरणे हा बिनखर्चाचा उपाय आहे.

लिपीनंतर व्याकरण येते. इंग्रजीत नामाची रूपे मोजकी असतात. मराठीत 'विहीर'ची विहिरीत, विहिरींचे, विहिरीवरून अशी कितीतरी रूपे होतात आणि सामान्यरूपात मूळ शब्दाचा ऱ्हस्व-दीर्घही बदलतो. 'पाऊस'चे 'पावसाचा' होताना तर मधला स्वरच जातो. केवळ अक्षरे जुळवणाऱ्या यंत्राला ही नातीगोती कळत नाहीत. वाक्याचा संदर्भ लक्षात घेणारी 'बर्ट' ही पद्धत गूगलने डिसेंबर २०१९ मध्ये मराठीसह सत्तरहून अधिक भाषांत लागू केली, तेव्हापासून निकालांत या दृष्टीने सुधारणा झाली आहे. त्यामुळे 'पुणे घर भाडे स्वस्त' अशी विभक्तीविरहित, तुटक शीर्षके लिहिण्याचे कारण आता उरलेले नाही. 'पुण्यात भाड्याने मिळणारी स्वस्त घरे' हे शीर्षक माणसालाही बरे वाटते आणि यंत्रालाही समजते.

लेखनभेदांचा प्रश्न जुना आहे. १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांनी बरेच अनुच्चारित अनुस्वार गेले. पण त्यापूर्वीच्या ग्रंथांचे अंकीकरण झाले की 'नांव' आणि 'नाव', 'गांव' आणि 'गाव' पुन्हा शेजारी येतात. 'ऑनलाइन' आणि 'ऑनलाईन' यांचे तर अद्याप ठरलेले नाही. अशुद्ध लिहून शोधणारेही सापडावेत म्हणून पानावर मुद्दाम अशुद्ध रूपे पेरण्याचा सल्ला काही ठिकाणी दिला जातो. शोधयंत्रे सामान्य चुका स्वतःच दुरुस्त करून घेतात, तेव्हा या सल्ल्याने पान बिघडण्यापलीकडे काही साधत नाही.

याहून मोठी दरी आहे ती कार्यालयीन मराठी आणि बोलीतले शब्द यांच्यात. शेतकरी 'सातबारा' शोधतो, कधी अंकांत '७/१२' लिहितो, कधी तेच आंतरराष्ट्रीय अंकांत. कार्यालयीन पानावर जर फक्त 'अधिकार अभिलेख' एवढेच लिहिलेले असेल, तर शब्दांचा मेळ बसत नाही आणि मधली जागा सारखेच नाव धारण करणारी खासगी पाने भरून काढतात. महसूल विभागाच्या 'महाभूलेख' या संकेतस्थळाचा नेमका पत्ता माहीत नसलेला माणूस कोठे पोचेल, हे मग निकालांच्या क्रमावर अवलंबून राहते. 'शिष्यवृत्ती' आणि 'स्कॉलरशिप', 'रुग्णालय' आणि 'दवाखाना' या जोड्यांतही हेच घडते. यावर उपाय सोपा आहे: पारिभाषिक शब्द आणि रूढ शब्द दोन्ही एकाच परिच्छेदात सहजपणे यावेत. हेल्पलाइन क्रमांकांच्या बाबतीत ही उणीव विशेष घातक ठरते. बँकेच्या स्वतःच्या पानावर क्रमांक ठळक नसेल, तर तो शोधणारा ग्राहक फसवणूक करणाऱ्यांनी पेरलेल्या क्रमांकावर पोचू शकतो.

हिंदी आणि मराठी यांची लिपी एक असल्याने आणखी एक गुंता होतो. 'शिक्षा' हा शब्द मराठीत दंड आणि हिंदीत शिक्षण. केवळ एवढाच शब्द लिहून शोधणाऱ्या मराठी वाचकाला हिंदी शिक्षणविषयक पाने दिसली तर नवल नाही. हिंदी महाजालाचा व्याप मोठा असल्याने पारडे बहुधा तिकडेच झुकते. पानाच्या सांकेतिक मजकुरात भाषेची खूण मराठी अशी लिहिणे आणि दोन्ही भाषांतील आवृत्त्या असल्यास त्यांचा परस्परसंबंध नोंदवणे, ही काळजी येथे उपयोगी पडते. अनेक मराठी संकेतस्थळांवर भाषेची खूण तयार साच्यातून आल्यामुळे इंग्रजी अशीच राहून गेलेली असते.

ऑगस्ट २०१४ पासून '.भारत' या देवनागरी प्रत्ययाने संकेतस्थळांचे पत्ते घेता येतात आणि मराठी त्यात समाविष्ट आहे. देवनागरी पत्त्याचे दुवे दुसरीकडे डकवले की ते पुष्कळदा टक्केचिन्हे, रोमन अक्षरे आणि अंक यांच्या लांबलचक माळेत रूपांतरित होतात, म्हणून बहुतेक चालक अजून रोमन पत्तेच पसंत करतात. शोधणारेही पुष्कळदा मराठी प्रश्न रोमन लिपीत लिहितात, आणि त्यासाठी कोणतेही प्रमाण लेखन नाही: 'कधी आहे' हे दोन शब्द रोमनमध्ये चार-पाच प्रकारे लिहिलेले आढळतात. रोमन अक्षरांतील मराठी ओळखून देवनागरी पान समोर आणण्याचे काम शोधयंत्रे काही प्रमाणात करतात. आवाजी शोधात वाचकापुरता लिपीचा प्रश्न सुटतो. यंत्र ऐकलेले मराठी देवनागरीत लिहून घेते आणि पुढचा शोध त्या लिखित रूपावरच होतो.